चौथीतलं मिशन

इतिहास खोक्यात मिळतो हे मला सांता क्लाराला आल्यावर कळलं. खोक्यात म्हणजे अगदी पुठ्ठ्याच्या खोक्यात. फोमच्या कापून ठेवलेल्या भिंती, लाल कौलांचं छापील छप्पर, एक प्लॅस्टिकची घंटा, चार झाडं आणि गोंदाची ट्यूब. हस्तकलेच्या सामानाचं मोठं दुकान होतं, त्याच्या दारातच या खोक्यांची चवड रचून ठेवली होती आणि आया येता-जाता एकेक उचलून ट्रॉलीत टाकत होत्या. मी तिथंच उभी राहून नवऱ्याला म्हटलं, "अहो, हे मुलांनी करायचं की कारखान्यानं?" तो म्हणाला, "घे एक आणि चल ना, पोरीचा प्रोजेक्ट आहे, तुझी पीएचडी नाही." मी घेतलं नाही. रिकाम्या हातानं तरातरा बाहेर आले.

प्रोजेक्ट काय होता ते सांगते. कॅलिफोर्नियात चौथीच्या मुलांना वर्षभर आपल्या राज्याची ओळख करून देतात. त्यात मिशन नावाचं एक मोठं प्रकरण असतं. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी स्पेनच्या पाद्र्यांनी समुद्राच्या कडेकडेनं एकवीस ठाणी वसवली. चर्च, त्याला लागून खोल्या, मध्ये चौक, बाहेर शेतं. त्यातलं एकेक ठाणं एकेका मुलाला नेमून द्यायचं, त्यानं त्याचं मॉडेल करून आणायचं आणि वर्गापुढं उभं राहून माहिती सांगायची. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिच्या वाट्याला समुद्राजवळचं एक मिशन आलं होतं.

आता मी कोण? मी साताऱ्याला आठ वर्षं चौथीचाच वर्ग घेतलेली बाई. चौथी म्हणजे शिवाजी महाराज आणि शिवाजी महाराज म्हणजे किल्ले. दर दिवाळीत माझ्या वर्गातल्या पोरांचे किल्ले बघत मी गल्लोगल्ली फिरायची. कुठल्या बुरुजाला तडा गेला, कुणाचे अळीव उगवले नाहीत, सगळं मला पाठ. आणि इथं? इथं मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. त्या व्हिसावर आलेल्या बाईनं नोकरी करायची नाही. शिकवायचं नाही, कमवायचं नाही, नुसतं राहायचं! दोन हजार तीन सालात आले तेव्हापासून पोळ्या लाटत आणि लायब्ररीतून पुस्तकं आणत बसले होते. माणसाला घरात बसवून ठेवायचा हा कुठला कायदा, असं मी ज्याला त्याला विचारायची आणि जो तो "हो ना यार, काय करणार" म्हणून विषय बदलायचा.

लेकीच्या चौथीचे पहिले चार महिने छान गेले, खोटं कशाला बोलू. लेक शाळेतून राज्याचं फूल, राज्याचा पक्षी, झेंड्यावरचं अस्वल असं काय काय रंगवायला आणायची. खाली निळा समुद्र, बाजूला बर्फाचे डोंगर, मध्ये संत्र्यांच्या आणि बदामाच्या बागा, वर पिवळाधमक सूर्य. तिच्याबरोबर मीही शिकत होते. मला तरी कॅलिफोर्निया कुठं ठाऊक होता? अपार्टमेंट, इंडियन ग्रोसरी, लायब्ररी आणि लेकीची शाळा, एवढाच माझा कॅलिफोर्निया.

मग मिशनचं माहितीपत्रक आलं. त्यात लिहिलं होतं की पाद्र्यांनी इथल्या मूळ लोकांना शेती, सुतारकाम आणि प्रार्थना शिकवली आणि सगळे मिळून सुखानं राहत. आठ वर्षं इतिहास शिकवलाय मी. सगळे मिळून सुखानं राहत असं कुठं लिहिलेलं दिसलं की मला लगेच वास येतो. मी लेकीला म्हटलं, "आपण आधी ते बघून येऊ. बघितल्याशिवाय काही करायचं नाही."

रविवारी दीड तास गाडीनं गेलो. पांढऱ्याशुभ्र भिंती, गुलाबाची बाग, कारंजं आणि दारात भेटवस्तूंचं दुकान. माहिती सांगणाऱ्या आजीबाई गोड होत्या. घंटा कुठून आणली, कौलं कशी पाडली, सगळं त्यांनी सांगितलं. लेकीनं शाळेत करतात तसा हात वर केला आणि विचारलं, काम करणारे लोक कुठं राहायचे? आजीबाईंनी हसून फाटकाबाहेर बोट दाखवलं. तिथं गाड्या उभ्या होत्या. आमचीसुद्धा तिथंच होती. म्हणजे ज्यांनी हे सगळं बांधलं त्यांच्या घरांवर पार्किंग! "आणि मेल्यावर?" लेकीनं विचारलं. चर्चच्या कुशीला थोडं गवत होतं, त्याच्याकडं आजीबाईंनी मान वळवली. इथंच, पण कोण कुठं ते माहीत नाही, नावं लिहिलेली नाहीत, म्हणाल्या. पाद्र्यांच्या नावाच्या मात्र चांगल्या संगमरवरी पाट्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत येताना मी गाडीत एवढी बडबडले की नवऱ्यानं शेवटी रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी लेकीनं लायब्ररीतून मोठ्यांच्या विभागातलं एक पुस्तक आणलं आणि चार दिवस ते घेऊन बसली. त्यात होतं की एकदा आत आलेल्या माणसाला परत जायची मुभा नव्हती. पळाला तर शिपाई धरून आणायचे आणि फटके द्यायचे. रोगराईनं तर माणसं पटापट मेली. हे सगळं वाचून तिनं वहीत एक चित्र काढलं. त्यात चर्च एवढंसं होतं आणि बाहेर झोपड्याच झोपड्या. "आई, आय वॉन्ट टू मेक धिस," म्हणाली. मी म्हटलं, "शाब्बास गं माझ्या वाघिणी!" वहीतलं पान काढून फ्रिजवर लावलं आणि ओढणी खोचली.

कारण तोवर माझ्या डोक्यात पुढचं शिजलं होतं. ही मिशनं खरी कशाची होती? मातीची! माती आणि गवत तुडवून कच्च्या विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या, त्यांच्या भिंती. अगं बाई, म्हटलं, हे तर आपलंच काम. फोम कसला चिकटवताय? आमची अख्खी लहानपणं चिखलात गेली.

पण सांता क्लाराला माती शोधून दाखवा. अपार्टमेंटच्या आवारात जिथं तिथं लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या, नाहीतर हिरवळ, तीही गालिचासारखी गुंडाळून आणून अंथरलेली. दुकानात मातीची पिशवी मिळते म्हणून आणली, तर तिच्यात कुजकी साल आणि पांढरे गोळे. पाणी घातलं की चहाचा चोथा. हिची वीट पडेल का? अख्ख्या गावात मूठभर चिकट माती नाही म्हणून मी दोन दिवस फणफणत होते.

शेवटी माती आणली वरच्या मजल्यावरच्या काकांनी. हे नागपूरचं जोडपं, लेक त्यांना काका-काकू म्हणायची. काकांच्या ऑफिसातला एक जण घरामागं लिंबाचं झाड लावायला खड्डा खणत होता. वरचा थर काढल्यावर खाली काळी कुळकुळीत माती निघाली. काका दोन बादल्या भरून घेऊन आले, आमच्या पॅटिओतल्या फरशीवर त्या उपड्या केल्या आणि तिथंच उकिडवे बसले. "वहिनी, हात लावून पाहा ना. ही तर आमच्या वावरातली कपाशीची माती आहे बाप्पा! इथं काहून आली?" त्यांचे डोळे भरून आले होते. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं बाह्या वर केल्या.

मग काय विचारता! शनिवारी सकाळी आम्ही चौघं बसलो ते संध्याकाळीच उठलो. कपडे धुवायच्या टबात माती भिजवली. गवत सशांसाठी विकतात ते, पाळीव प्राण्यांच्या दुकानातलं. काका पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल तुडवत होते. नवरा पुण्याचा, त्यामुळं बांधकामातलं त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तो कागदावर मापं काढत होता, आणि काका त्याला म्हणत होते, "भाऊ, पॉवरपॉइंट राहू दे, चिखलात ये." काकू हसता हसता खाली बसल्या. तीन वर्षांत आम्ही एवढे हसलो नव्हतो. चौकाला तट आला. तट आला म्हटल्यावर बुरूज आले. नवऱ्यानं दरवाजा गोमुखी करायचा हट्ट धरला, म्हणजे शत्रूला बाहेरून दिसतच नाही असा वळणाचा, आणि दोन तास त्यातच गेले. मी आईनं लाडवांसाठी बांधून दिलेले अळीव काढून उतारावर पेरले.

आणि लेक? लेकीनं सुरुवातीलाच विचारलं होतं, "आई, मी काय करू?" मी म्हटलं, "तू पाणी आण." तिनं तीन खेपा पाणी आणलं. मग ती बाजूला बसून विटा पाडायला लागली. पाच-सहा पाडल्या, एक जाड, एक बारीक. मी त्या उचलून पुन्हा टबात टाकल्या, पुठ्ठ्याचा साचा केला आणि एकसारख्या विटा पाडून दाखवल्या. "बघ, अशा." वर्गात मी असंच दाखवायची. मग ती म्हणाली, मिशनला बुरूज नसतात. काका म्हणाले, "असू दे ना बेटा, शोभा येते." मग ती म्हणाली, झोपड्या मी करते. मी म्हटलं, "अगं, तुला गवत बांधता यायचं नाही, सुटतं ते," आणि काकूंनी दोऱ्यानं बांधून सहा झोपड्या करून दिल्या. सुरेख झाल्या होत्या. सहाच, कारण दरवाजानं जागा खाल्ली होती. लेक "ओके" म्हणाली आणि आत जाऊन पुस्तक वाचत बसली. ओके म्हणाली म्हणजे ओकेच असणार असं मी धरलं. एवढी कशी आंधळी झाले होते, देव जाणे.

आठवड्याभरात सगळं वाळलं. भेगा पडल्या त्या मी लिंपल्या. अळीव तरारून वर आले. दरम्यान चिखलाचं पाणी नाल्यात सोडलं म्हणून अपार्टमेंटच्या ऑफिसची नोटीस दाराला लागली, तीही मी अभिमानानं वाचली. फळीसकट ते एवढं जड झालं की उचलायला दोघं लागले. नवऱ्यानं मागची सीट पाडून ते गाडीत ठेवलं आणि लग्नाच्या वरातीसारखी गाडी हाकत शाळेत नेलं. मीही गेले. वर्गातली पोरं गोळा झाली. लेकीच्या वर्गाच्या बाई, तरुण होत्या, तिशीच्या आतल्या, त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि "ओ माय गॉड" म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात काम.

चार दिवसांनी लेकीच्या दप्तरात चिठ्ठी आली. मॉडेल अतिशय सुंदर आहे, पण यातलं तुमच्या मुलीनं काय केलं ते मला कळत नाही, म्हणून मी ते तपासू शकत नाही. तिनं पुन्हा करावं, साधं, स्वतःचं. दोन आठवड्यांची मुदत देते.

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. "तपासू शकत नाही म्हणे! आणि त्या खोक्यांचं काय? निम्म्या वर्गानं फोम चिकटवून आणलाय, त्यांच्यावर चांदण्या लावल्यात, मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. कारखान्यानं कापलेल्या भिंती म्हणजे मुलाचं काम आणि घरच्यांनी तुडवलेला चिखल म्हणजे फसवणूक? पत्रकात चक्क लिहिलंय, कुटुंबाची मदत चालेल. मग? आम्ही कुटुंब नाही?" तो म्हणाला, "अगं मीटिंगमध्ये आहे, जाऊ दे ना." जाऊ दे! मी जाऊ देणारी असते तर साताऱ्यात हेडमास्तरांशी दोनदा भांडले नसते. त्याच दुपारी मी बाईंना ईमेल पाठवली आणि भेटीची वेळ घेतली. लेक शेजारी उभी होती. "आई, इट्स फाइन, मी परत करते," म्हणाली. मी म्हटलं, "काही फाइन नाही. तू गप्प बस. अन्याय सहन करायचा नसतो."

भेटीला आम्ही तिघं गेलो. वर्गातल्या त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मी बोलायचं सगळं कागदावर उतरवून, पाठ करून गेले होते. माझं इंग्रजी साताऱ्याचं, पण राग असला की अडत नाही. मी सांगितलं की आमच्याकडं दिवाळीत अख्खी गल्ली मिळून किल्ला बांधते. मोठी मुलं तट घालतात, लहान मुलं माती वाहतात, आया येऊन लिंपून देतात आणि कुणी कुणाला विचारत नाही की यातलं तुझं किती. सगळ्यांचा असतो तो. मी सांगितलं की खोकं विकत आणणं ही खरी लबाडी. मी सांगितलं की तुमचं ते माहितीपत्रक चुकीचं आहे, तिथल्या लोकांच्या घरांवर आज पार्किंग आहे आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं ते शोधून काढलं, तुम्ही नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पत्रकाबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणाल्या. पाठ्यपुस्तकात तसंच आहे आणि मला ते खटकतं. खोकी मलाही आवडत नाहीत, पण ज्या मुलानं ते चिकटवलं त्याला आधी कुठली भिंत लावली ते सांगता येतं. मग त्या लेकीकडं वळल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, यातली तुझ्या आवडीची गोष्ट कोणती आहे?

मी म्हटलं, "तिला झोपड्या आवडतात. तिनंच शोध—"

बाईंनी माझ्याकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, आणि यातलं काही बदलायचं असलं तर काय बदलशील?

मी म्हटलं, "खरं तर ती म्हणत होती बुरूज—"

तेवढ्यात लेकीनं माझ्या मांडीवर हात ठेवला. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, हे आमचं रोजचं भांडण. ती मराठीत बोलली, अगदी स्वच्छ, बाईंना कळू नये म्हणून. "आई, त्यांनी मला विचारलंय."

नवरा भिंतीवरच्या नकाशाकडं बघायला लागला. लेक बाईंकडं वळून इंग्रजीत म्हणाली की मला पुन्हा करायचंय, एकटीला.

गाडीत मी रडले. रागानं रडले, उगाच दुसरं काही कशाला म्हणू! एवढं पोरीसाठी भांडायला गेले आणि माझीच पोर भर वर्गात मला गप्प बसवते? तिच्यासाठी चिखलात हात घातले, लोकांना गोळा केलं, नोटीस खाल्ली! नवरा म्हणाला, "झालं ना आता." मी म्हटलं, "तुमचा तो गोमुखी दरवाजा नडला." तो म्हणाला, "माझा? आणि विटा कुणी मोडल्या तिच्या?" मागच्या सीटवर लेक खिडकीतून बाहेर बघत होती.

घरी आल्यावर भांडी घासायला घेतली आणि घासता घासता मला साताऱ्यातली एक बाई आठवली. तिच्या मुलानं वर्गात आकाशकंदील आणला होता. झिरमिळ्या काय, करंज्या काय, एकेक कोपरा मोजून दुमडलेला. मी तो सगळ्या वर्गासमोर परत दिला. "आईचा कंदील आईला दे, तुझा आण," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती बाई शाळेत आली, वर्गाच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला दुसरं काही येत नाही हो, एवढंच येतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला पाच मिनिटं समजावलं की मुलांना त्यांचं त्यांना करू द्यावं. नंतर स्टाफरूममध्ये चहा पिताना तिची नक्कल केली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मला माझीच इतकी चीड आली की हातातली कढई सिंकमध्ये आदळली. इथल्या बाईंनी निदान चिठ्ठी पाकिटात घालून पाठवली होती.

त्यानंतर लेकीनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. रोज शाळेतून आली, दूध प्यायली की खोलीत. आत कात्री चालल्याचा, टेप फाडल्याचा आवाज यायचा. कॉर्नफ्लेक्सची रिकामी खोकी नाहीशी व्हायला लागली. पॅटिओत काळी माती उरली होती, तिच्यातली थोडी एका डब्यात घालून तिनं आत नेली. मी बाहेर सोफ्यावर. किती पाणी घालतेय, पातळ तर होणार नाही, पुठ्ठ्यावर ओली माती टिकणारच नाही, आधी कागद लावायला हवा, हे सगळं मला दाराबाहेरून दिसत होतं. एकदा न राहवून विचारलं, "बाळा, काही हवंय का?" आतून आवाज आला, "नो, थँक्स." काकू एकदा खाली आल्या तेव्हा मी दाराला कान लावून उभी होते. "काय वहिनी, परीक्षा तिची आहे का तुमची?" म्हणाल्या आणि मला ओढत वर चहाला घेऊन गेल्या.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी दार उघडलं. "आई, बघायला ये," लेक म्हणाली. मी उठले तशी ती दारात आडवी उभी राहिली. साताऱ्याला असताना बालवाडी सुटली की ती माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायची, तिथं रोज ऐकलेलं तिनं मला ऐकवलं. "हाताची घडी, तोंडावर बोट."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मग मी एक हात काखेत घातला, दुसऱ्याचं बोट ओठांवर ठेवलं आणि आत गेले.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिनं ते मांडलं होतं. चर्च काड्यापेटीएवढं, तेही डावीकडं कललेलं. त्याच्याभोवती पुठ्ठ्याची भिंत, माती अर्धी पडून गेलेली, खालून कॉर्नफ्लेक्सची अक्षरं दिसत होती. आणि बाहेर सगळीकडं, वर्तमानपत्राच्या कडेपर्यंत, झोपड्या. तीस तरी असतील. एकीसारखी दुसरी नाही. गवत सुटलेलं, काही आडव्याच पडलेल्या. भिंतीला दारच नव्हतं. विसरलीस का, असं माझ्या ओठांवर आलं, पण तिथं बोट होतं. "दाराबद्दल विचारतील उद्या," ती स्वतःहून म्हणाली, "तर मी सांगणार, इट वॉज ओन्ली फॉर गोइंग इन, म्हणून मी केलंच नाही."

चर्च एका बोटानं सरळ झालं असतं. खाली जराशी माती लावली असती की झालं. माझा हात खरंच शिवशिवला.

"आता मी प्रॅक्टिस करते, तू ऐक," म्हणून ती मॉडेलच्या पलीकडं ताठ उभी राहिली आणि कॅलिफोर्नियाची ओळख करून द्यायला लागली. समुद्र, ऊन, पाद्री यायच्या आधी इथं राहणारी माणसं, त्यांच्या नावा, त्यांच्या टोपल्या. छान बोलत होती. पण इतका वेळ तिनं एकदाही आपल्या मॉडेलकडं बघितलं नाही. तिची नजर माझ्या हातांवर होती. मी काखेतला हात आणखी घट्ट दाबून धरला.